खालच्या घरात ऐकू येणारी टाच

दौंडमध्ये मी राहतो त्या गल्लीत दुपारच्या वेळी एखाद्या घराच्या गेटच्या कडीला लाल फडका गुंडाळलेला दिसतो. त्याचा अर्थ, आत रेल्वेचा माणूस झोपलेला आहे. रात्रभर गाडी चालवून तो आलेला असतो, किंवा रात्री त्याला गाडी न्यायची असते. फडक्यामुळे कडी वाजत नाही, आणि भाजीवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांना कळते की या दारात हाक मारायची नाही. भाजीवाला त्या घरापुढून हातगाडी मुकाट्याने ढकलत नेतो आणि चार घरे मागे पडली की पुन्हा मेथी, कोथिंबीर ओरडू लागतो. ही पद्धत कोणी सुरू केली, हे मी गल्लीतल्या तीन जुन्या माणसांना विचारले. तिघांनी तीन वेगळी नावे सांगितली. तिघांनीही सांगितलेले नाव आपल्याच घरातले होते.

मी शिरूरचा. वृत्तपत्रात काम करतो. शिरूरबरोबर दौंडच्याही बातम्या माझ्याकडे आल्या तेव्हा इथे खोली घ्यावी लागली. घर दोन मजली आहे. खाली मालक आणि मालकीण, वर मी, जिना बाहेरून. मालक मालगाडीचे ड्रायव्हर आहेत. कागदावर त्यांच्या पदाला लोको पायलट म्हणतात. मी त्यांना मामा म्हणतो आणि मालकिणीला मामी. मामी मूळच्या कासुर्डीच्या. खोली दाखवताना त्यांनी लग्न, पाहुणे, मटण यांतले काही विचारले नाही. एकच प्रश्न विचारला.

“दुपारचं घरात काय करता तुम्ही?”

“काही नाही. वाचतो, लिहितो.”

“लिव्हा. लिव्हण्याचा आवाज न्हाई.”

तेव्हा हे उत्तर खरे होते.

गिटार नंतर आली. शिरूरला आमच्या शेजारी कारखान्यातला एक इंजिनिअर भाड्याने राहत असे, उत्तरेकडचा. त्याची बदली झाली तेव्हा सामान जास्त होते म्हणून इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा छोटा अँप त्याने आमच्याकडे ठेवला. पुढे महिन्याभराने फोन करून म्हणाला, “अब आप ही रख लो, भैया. बजाना सीख लो.” मला सूरही ओळखता येत नव्हते. पण घरात आलेली वस्तू कशी चालते हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. अँप जोडून मी एक तार छेडली. गोठ्यातल्या दोन्ही गाई उठून उभ्या राहिल्या. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, गव्हाणीपाशी होते. तिथूनच म्हणाले, “ह्यो आवाज बंद करायचं बटन कुठं हाय, तेवढं आधी शिक.”

ते बटण मी शिकलो आणि त्यातूनच या वाद्यातली नवलाची गोष्ट लक्षात आली. इलेक्ट्रिक गिटारचे अंग भरीव लाकडाचे असते. साध्या गिटारसारखी तिला पोकळी नसते, त्यामुळे तार छेडली तरी आवाज घुमत नाही. अँप बंद असला तर समोर बसलेल्या माणसाला तारेची बारीक टिणटिण ऐकू येते. दार लावले की तीही नाही. मोठ्या आवाजासाठी प्रसिद्ध असलेले हे वाद्य मुळात जवळजवळ मुके आहे. आवाज करायचा की नाही, हे ते दुसऱ्या यंत्रावर सोडते. अँप शिरूरलाच राहिला. आईने त्यावर पापडाचा डबा ठेवला. मी काडेपेटीएवढे एक उपकरण घेतले. ते गिटारला खोचायचे, त्यात हेडफोन लावायचा. आवाज फक्त आपल्या कानात.

गिटार दौंडला आणताना माझा हिशेब सरळ होता. सकाळी तहसील कार्यालय, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय. संध्याकाळी पाचपासून बातम्या लिहून पाठवायच्या. मोकळा वेळ दुपारी दीड ते साडेचार. खालच्या गेटला फडका असण्याची वेळही बहुतेक तीच. म्हणून सुरू करण्यापूर्वी मी खात्री करून घेतली. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून एकदा जिन्यावर ठेवला, एकदा खिडकीच्या कट्ट्यावर, एकदा गच्चीवर. तिन्ही वेळा आत दहा-दहा मिनिटे वाजवले. नंतर ऐकले तर पारवे होते, यार्डातला इंजिनाचा भोंगा होता, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी होती. गिटार नव्हती. तीन ठिकाणांहून दुजोरा मिळाला, असे मी धरले.

पाच-सहा आठवडे मी रोज वाजवत होतो. व्हिडिओ बघून शिकत होतो. चार ठोक्यांची एक ओळ होती. पहिल्या तीन ठोक्यांना बोटे नीट पडायची. चौथ्याला डाव्या हाताची तीन बोटे एकदम दुसऱ्या तारांवर न्यावी लागत, तिथे उशीर व्हायचा. मग मी थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

एका संध्याकाळी मामी जिना चढून वर आल्या. दारातूनच खोलीत नजर फिरवली. गिटार कपाटात होती.

“पत्रकार, शिलाई मशीन घेतलंय का?”

“नाही.”

“खलबत्ता?”

“माझ्याकडे मीठ आणि चहापत्ती सोडून काही नाही मामी. का?”

“मामाची दुपारची झोप महिनाभर सारखी मोडतीय. कुणीतरी धपधप करतंय.”

मी तसे काही ऐकले नव्हते आणि तसेच सांगितले.

मामांच्या झोपेचे काम समजून घ्यायला हवे. मालगाडीला प्रवासी गाडीसारखी ठरलेली वेळ नसते. निघण्याच्या साधारण दोन तास आधी ड्रायव्हरला फोन येतो. त्याला कॉल म्हणतात. तो दुपारी चारला येईल किंवा रात्री अकराला. आला की जायचे आणि रात्रभर जागायचे. म्हणून कॉलची वाट बघत दुपारी झोपून घेणे हा कामाचाच भाग असतो. मामांनी स्वतःसाठी एक नियम केला आहे: दुपारची झोप झाली नसेल तर इंजिनावर बसायचे नाही. एकदा मी कारण विचारले होते. म्हणाले, “डोळ्यात झोप असली की सिग्नल दिसतो, पण कळत न्हाई.”

संशय शेजारच्या काकूंवर गेला. त्या मसाला करून विकतात. घरामागे मिरची कांडायचा विजेचा डंक आहे. एका दुपारी मामी त्यांच्या दारात गेल्या. दोन्ही घरांच्या मध्ये आमचे गेट, गेटला फडका. त्यामुळे ते भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत कुजबुजत झाले. मी जिन्यावर उभा होतो.

“दुपारचा डंक बंद ठिवा म्हणलं हुतं का न्हाई?”

“माझा डंक दहाला बंद होतो. विचारा मिरचीला.”

“मग धपधप कोण करतंय?”

“तुमच्याच घरात हुडका. आमच्या भिंतीला कान लावून काय मिळायचं न्हाई.”

“हळू बोला.”

“मी हळूच बोलतीय. तुमचाच आवाज फुटतोय.”

दोघींनी आपापली दारे आवाज न करता लावली. मी वर गेलो, हेडफोन घातला आणि वाजवायला बसलो.

काकूंनी आपली बाजू सिद्ध करण्यासाठी दोन दिवस डंक सकाळचाही बंद ठेवला. गिऱ्हाइकांच्या मिरच्या पोत्यात पडून राहिल्या. धपधप थांबली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला मामांना कॉल आला आणि त्यांनी सांगितले, माझी झोप झालेली नाही, मी गाडी घेणार नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच. त्यांच्या जागी दुसरा ड्रायव्हर गेला. अशी नोंद होते आणि पुन्हा तसे झाले तर साहेबांसमोर उभे राहून उत्तर द्यावे लागते, हे मामींनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले. उत्तर काय देणार, असेही त्यांनीच विचारले.

त्याच सकाळी मामांनी मला चहाला खाली बोलावले.

“तुम्ही चौकशीवाले. पार कलेक्टरला प्रश्न इचारता. आमचं एवढं शोधून द्या.”

मी सवयीने प्रश्न विचारायला लागलो. आवाज किती वाजता सुरू होतो? दीड-पावणेदोनला. किती वेळ? चारपर्यंत. रोज? तुम्ही शिरूरला जाता त्या दिवशी न्हाई, असे मामींनी चहा ओतताना सहज सांगितले. त्या काय बोलल्या ते त्यांच्याही लक्षात आले नाही आणि माझ्याही.

“आवाज कसा आहे?”

मामांनी स्टीलचे ताट उपडे घेतले आणि बोटाच्या पेराने वाजवून दाखवले. एक. दोन. तीन. मग थोडे थांबून, चार. मग शांतता. मग पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा चौथा उशिरा.

तो उशीर माझ्या ओळखीचा होता. चौथ्या ठोक्याला माझी तीन बोटे हवेत असायची, नेमका तेवढाच. मी खाली टाचेकडे पाहिले. वाजवताना ती फरशीवर ठेका धरते, हे मला माहीत होते. ती ऐकू येते हे माहीत नव्हते, कारण माझे दोन्ही कान हेडफोनने बंद असायचे. रेकॉर्डिंग मी जिन्यावर, खिडकीत आणि गच्चीवर केले होते. जमिनीला विचारले नव्हते. टाच, तिच्याखाली शहाबादी फरशी, फरशीखाली स्लॅब, स्लॅबखाली मामांचा पलंग.

“मामा, तो मी आहे,” मी म्हणालो आणि सगळे सांगितले.

मामींनी चहाचे भांडे खाली ठेवले. मग म्हणाल्या, “लिव्हतो म्हणला हुतात.”

“लिहितोही.”

“आन् मी त्या बाईला काय काय बोलले.” त्यांनी माझा रिकामा कप उचलला. दुसरा चहा विचारला नाही.

मामा रागावले नाहीत. त्यांना पहिल्यांदा ती वस्तू बघायची होती. माझ्या मागोमाग जिना चढून आले, गिटार हातात घेऊन वजन केले, लाकडाला कान लावून एक तार छेडली. “हिचा आवाज तर डासाएवढा बी न्हाई,” म्हणाले. मग पलंगावर बसले आणि मला वाजवायला लावले. ते माझ्या बोटांकडे बघत नव्हते, टाचेकडे बघत होते.

“एक सांगू का? हे एकसारखं वाजलं असतं ना, तर मी झोपलो असतो. आम्ही यार्डाच्या कडंला झोपणारी माणसं. शेजारून अख्खी गाडी गेली तरी जाग येत न्हाई. पण गाडी मध्येच थांबली की डोळा उघडतो. का थांबली? तसं तुमचं. तीन नीट जातात, चौथ्याला मी वाट बघत बसतो.”

आवाजाने नव्हे, अडखळण्याने जाग येते, हे मला नवे होते. मी दोन-तीन वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारून पाहिले. उत्तर तेच राहिले.

मी वाजवणे बंद करतो म्हणालो. मामी दारात येऊन उभ्या होत्या, त्यांना ते पटले. मामांना पटले नाही. “आधी कळू तर द्या, आवाज उतरतो कसा,” ते म्हणाले. त्या दिवशी त्यांना विश्रांती होती, गेटला फडका नव्हता. मामा खाली पलंगावर आडवे झाले. हातात जाळी काढायची लांब काठी. ठरले असे: धप ऐकू आली तर काठीने छताला एक ठोका.

चप्पल घालून वाजवले. एक ठोका. टाचेखाली घडी केलेली गोधडी ठेवली. ठोका आला, पण उशिरा. पलंगावर मांडी घालून बसलो. आता पाय जमिनीला लागतच नव्हता, तरी ठोका आला, कारण ठेका गुडघ्यात गेला होता आणि लोखंडी पलंगाचे पाय तो खाली पोचवत होते. शेवटी पाय बांधल्यासारखा स्थिर ठेवून पाहिले. खालून काही नाही. पण मला चार ठोके सरळ मोजता येईनात. पायाने सोडलेला ठेका जबड्यात गेला; मी दात वाजवत होतो, हे मामींनी सांगितल्यावर कळले.

मामा वर आले. म्हणाले, “रूळ खालच्या आडव्या सिमेंटच्या स्लीपरवर थेट ठिवत न्हाईत. मधी रबर असतं. लोखंडाचा हादरा सिमेंटला देयचा न्हाई, एवढंच त्याचं काम. तुम्हाला तसं कायतरी पायजे. जाड पायजे.”

जाड रबर कुठे आहे, हे मला माहीत होते. रविवारी शिरूरला गेलो. आबांनी गोठ्यात गाईंसाठी रबराच्या चटया टाकल्या आहेत, गुडघे घासू नयेत म्हणून. एक चटई कोपऱ्यावर फाटल्याने बाहेर काढून ठेवलेली होती. मी ती घासून धुतली, दिवसभर उन्हात वाळवली, विळ्याने अर्धी कापली.

“गाईची चटई कुठं चालवली?” आबांनी विचारले.

“पायाखाली घ्यायला.”

“एवढे गुडघे घासाय लागले व्हय तुझे?”

एसटीत ती गुंडाळी सीटखाली मावली नाही. कंडक्टरने वास घेतला, गुंडाळी ओळखली आणि मागे बघत विचारले, “गाय कुठल्या स्टॉपला चढणार हाय?” दौंड येईपर्यंत दोन प्रवाशांनी मला चटईचे फायदे समजावून सांगितले. दोघांपैकी कोणीही गिटारबद्दल विचारले नाही, कारण माझ्याकडे ती आहे असे मी सांगितलेच नव्हते.

मंगळवारी प्रयोग पुन्हा केला. या वेळी फडका बांधलेला होता. त्या संध्याकाळी कॉल येणार, एवढे मामांना माहीत होते. मी म्हणालो, आज नको, उद्या बघू. ते म्हणाले, “रिकाम्या दिवशी बघून काय कळणार? झोप लागायची गरज हाय त्याच दिवशी कळतं.” मामींना हे अजिबात मान्य नव्हते. दुसऱ्यांदा झोप झाली नाही असे कळवायची वेळ आली तर साहेबांकडे मी तुम्हालाच घेऊन जाईन, असे त्यांनी मला बजावले. मामा काठी घेऊन आडवे झाले. मामी त्यांच्या खोलीच्या दारात मोबाइल कानाला लावून बसल्या. माझा मोबाइल स्पीकरवर ठेवून पलंगावर. हेडफोन एकाच कानात घातला, म्हणजे मामींचे ऐकू येईल. दोन वाजून दहा मिनिटांनी मी टाच चटईवर टेकवली आणि तीच चार ठोक्यांची ओळ सुरू केली.

पहिल्या मिनिटाला काठीचा एक ठोका आला. मी टाच थोडी हलकी केली. पुन्हा एक ठोका आला, पण अगदी अलगद. तो आवाज आल्याचा होता की नुसत्या सवयीचा, कळले नाही. मग काही नाही. मी वाजवत राहिलो. पाच मिनिटांनी मोबाइलमधून मामींचा श्वासाएवढा आवाज आला.

“झोपले.”

मी थांबणार होतो.

“थांबू नका! गाडी थांबली की उठतात.”

“मग कधीपर्यंत?”

“कॉल येईस्तवर.”

मी मनात हिशेब करून पाहिला. कॉल चारलाही येऊ शकत होता आणि आठलाही. पाचपासून मला बातम्या पाठवायच्या होत्या. पण त्या वेळी प्रश्न तो नव्हता. प्रश्न चौथ्या ठोक्याचा होता. तो उशिरा पडला तर खाली एक माणूस डोळे उघडणार होता. इतके आठवडे ती ओळ मी चुकलो की पुन्हा पहिल्यापासून वाजवत होतो. आता चुकून थांबायची सोय नव्हती. मी वेग जवळजवळ निम्मा केला. निम्म्या वेगात तीन बोटांना वेळेवर पोचता येते, हे मला तेव्हा समजले. व्हिडिओतल्या माणसाने पहिल्याच दिवशी ते सांगितले होते.

चार वाजून वीस मिनिटांनी खाली मामांचा फोन वाजला. मग मामींचा आवाज, या वेळी नेहमीसारखा मोठा: “बास करा आता. उठले.”

डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना तारांचे वळ पडले होते. मी बातम्या लिहायला बसलो तेव्हा कीबोर्डवर ती टोके दुखत होती.

चटईने काम केले की एकसारख्या ठेक्याने, हे मला नक्की सांगता येत नाही. सहाच्या सुमारास मामा डबा आणि बॅग घेऊन निघाले. मी जिन्यात उभा राहून विचारले, आवाज येत होता की नव्हता?

“झोपलेल्या माणसाला काय इचारता?” ते म्हणाले. गेटपाशी जाऊन फडका सोडला, घडी करून मामींच्या हातात दिला आणि मागे वळले. “झोपायच्या आधी येत हुता थोडा. चौथ्याला अजून जरा उशीर होतोय. पण झोप झाली.”

काकूंकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. झाले ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि साठलेल्या मिरचीच्या पोत्याकडे बोट दाखवले. “दोन दिसांची राहिलीय. देठं खुडा, मग माफ.” दहा वाजेपर्यंत मी देठ खुडत होतो आणि शिंकत होतो. मामींनी भिंतीवरून मला पाहिले. थोड्या वेळाने त्याही सूप घेऊन आल्या आणि पोत्याच्या पलीकडे बसल्या. दोघी एकाच सुपात देठ टाकत होत्या.

तेव्हापासून चटई माझ्या खुर्चीखाली कायम असते. वाजवण्यापूर्वी मी जिन्यात येऊन गेटकडे बघतो. कडीला फडका असेल तर जे येते तेच वाजवतो, सावकाश, न थांबता. जे येत नाही ते शिकायला कडी मोकळी असावी लागते. गेल्या आठवड्यात गेटला सलग चार दुपारी फडका होता. त्या चार दिवसांत मी नवीन काही शिकलो नाही. पाचव्या दिवशी ते सकाळीच गाडी घेऊन गेले, आणि मी दीड वाजता नवी ओळ काढून बसलो. तिच्यात सहा ठिकाणी अडखळलो. खालून मामींनी हाक मारून विचारले, “ह्ये नवीन का?”